कर्त्याचे मौन

गेल्या महाशिवरात्रीस आम्ही गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगडास गेलो होतो. साताऱ्याकडचा प्रतापगड सर्वांस ठाऊक आहे. हा अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील, धानाच्या बांध्यांत आणि रानात वसलेला. एकाच डोंगराच्या आश्रयाने येथे महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या नावाचा दर्गाही आहे.

दर्शनाच्या रांगेत आमच्यापुढे एक वृद्ध शेतकरी होता. पिंडीसमोर येताच तो मोठ्याने बोलू लागला, "महादेवा, यंदा धान गेला गा. कर्ज काही फिटला नाही. पोराले कसा सांगू?" तो पोर, चांगला तिशीचा गृहस्थ, पाठीशीच नारळ घेऊन उभा होता. त्याने न बोलता बापाच्या खांद्यावर हात ठेविला. मागची मंडळी 'चला, चला' म्हणून घाई करीत होती. दोघे तसेच बाहेर पडले.

जे देवास सांगता येते ते मुलास सांगता येऊ नये, हा रिवाज आपण सुशिक्षितांनीही इमानाने पाळला आहे. कर्त्या पुरुषाने डोळे पुसावयाचे नाहीत, अडचण बोलून दाखवावयाची नाही. पुढाऱ्याविषयीही आपली हीच अपेक्षा. म्हणूनच साने गुरुजींच्या अश्रूंची पुष्कळांनी थट्टा केली. परंतु अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः झाडणाऱ्या या शिक्षकाचा शब्द मुलांनी झेलला, तो छडीच्या धाकाने खास नव्हे. आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराची दारे अस्पृश्य मानलेल्या बांधवांस उघडावीत म्हणून याच 'हळव्या' माणसाने १ तारखेपासून १० तारखेपर्यंत प्राण पणास लाविले. हळवेपणा आणि दुबळेपणा एक समजणारांनी या दहा दिवसांचा विचार करावा. त्याच गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपली जीवनयात्रा संपविली, ही आठवण मात्र आम्हांस नेहमी टोचते. मोकळ्या मनासही सोबत लागतेच.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. थोरले काका वारल्यावर त्यांच्या ट्रंकेत शेताचे गहाणखत आणि अकरा वर्षांच्या व्याजाच्या पावत्या सापडल्या. एवढ्या काळात घरात दोन लग्ने झाली, एक मुंज झाली; आम्ही सारे त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांस रागीट स्वभाव समजत आलो. काकू पावत्या हातांत घेऊन इतकेच म्हणाल्या, "मला सांगितले असते तर पाटल्या काढून दिल्या नसत्या का?" काकांनी आमचे रक्षण केले यात संशय नाही, पण आम्हांस त्यांच्या उपयोगी पडण्याची संधी त्यांनी दिली नाही, हेही तितकेच खरे. (संताप मात्र ते मनमोकळेपणाने व्यक्त करीत. त्यास आम्ही मोकळेपणा म्हणत नाही.)

प्रतापगडाहून परतल्यावर त्या बापलेकांची हकीकत आम्ही जेवताना सर्वांस सांगितली. पंगतीत कोणी फारसे बोलले नाही. पान आटोपत आले तेव्हा धाकटे बंधू खाली मान घालून म्हणाले, "माझी नोकरी दिवाळीतच सुटली आहे." आईने हातातला घास तसाच पानात ठेविला आणि विचारले, "मग रोज सकाळी डबा घेऊन जातोस कुठे, बाळ?"