थंडीत मुलांना कोंडू नका, गुंतवा

मार्गशीर्ष लागला की आपल्याकडच्या घरांची दारे-खिडक्या आपोआप बंद होऊ लागतात. मुलांच्या डोक्यावर कानटोपी चढते, अंगात एकावर एक दोन स्वेटर येतात आणि "बाहेर गारठा आहे, घरातच बस" हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येते. घरात बसवलेले मूल किती वेळ स्वस्थ बसणार? अर्ध्या तासात ते भावंडाशी भांडते, तासाभरात आईच्या मागे किरकिर सुरू करते आणि मग ते गप्प व्हावे म्हणून त्याच्या हातात मोबाईल दिला जातो. या दिवसांत दवाखान्यात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. थंडीत मुलांना बाहेर सोडावे का? आणि घरात ठेवायचे तर त्यांना रमवायचे कसे? या दोन्ही प्रश्नांचा विचार एकत्रच करायला हवा.

प्रथम आपल्या थंडीविषयी. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, याच्या बातम्या दर हिवाळ्यात छापून येतात. धुळे, जळगाव, परभणी, गोंदिया येथेही किमान तापमान १० अंशांच्या खाली जाते. परंतु हा आकडा पहाटेचा असतो. त्याच गावात त्याच दिवशी दुपारी पारा बहुधा २५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर पोचलेला असतो. म्हणजे मुलांना घरात ठेवण्याची गरज सकाळचे दोन-अडीच तास आणि दिवेलागणीनंतरचे दोन-तीन तास, एवढीच असते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवावेत, असे शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळांना कळवले. ते मुलांच्या झोपेच्या दृष्टीने योग्यच झाले. त्यामुळे ऐन गारठ्याच्या वेळी धाकटी मुले घरात असतात. दिवसभर त्यांना कोंडून ठेवण्याचे मात्र काहीच कारण नाही.

"थंडी लागली म्हणून सर्दी झाली," असे आपण सहज म्हणतो. सर्दी होते ती विषाणूंमुळे. गार आणि कोरडी हवा त्यांतल्या काही विषाणूंना मानवते, हे खरे. परंतु विषाणू एका नाकातून दुसऱ्या नाकात पोचतात ते माणसांच्या जवळिकीतून. दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत घरातली पाच माणसे बसली असतील आणि त्यात एकाला खोकला असेल, तर विषाणूंना त्याहून सोयीची जागा नाही. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे ही तशी सर्वसाधारण बाब आहे. मूल अंगणात खेळून आले आणि दुसऱ्या दिवशी शिंकू लागले, की सगळा दोष अंगणाला देण्याची घाई करू नये. मुले घरात खेळत असताना एखादी खिडकी बोटभर तरी उघडी ठेवावी. वाऱ्याचा झोत थेट अंगावर येणार नाही, एवढे पाहिले म्हणजे झाले.

खोली उबदार व्हावी म्हणून कोळशाची शेगडी पेटवून मुलांना तिच्याभोवती बसवणे, किंवा ती तशीच ठेवून झोपी जाणे, हा मात्र जिवाशी खेळ आहे. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, गुंगी येते आणि त्या गुंगीतच माणूस दगावतो. उत्तर भारतातून हिवाळ्यात अशा बातम्या येतात. आपण त्या वाचतो आणि पान उलटतो.

मग मुलांना ऊब मिळायची कशी? पळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलाचे स्नायू स्वतःच उष्णता निर्माण करतात. पाच मिनिटे फुगडी घातलेले मूल आपण होऊन स्वेटर काढून टाकते, हे कोणीही पाहावे. मंगळागौरीचे खेळ आपण श्रावणात एक रात्र खेळतो आणि वर्षभर विसरतो. खरे तर ते दहा बाय दहाच्या खोलीत मावणारे आणि एका पैशाचेही साहित्य न लागणारे खेळ आहेत. बसफुगडी म्हणजे मांड्यांचा उत्तम व्यायाम. झिम्म्यात हातांचा ताल साधावा लागतो, पिंग्यात अंग घुमते, कोंबड्यात दम लागतो. मुलग्यांनी हे खेळ खेळू नयेत, असे कोणत्याही वैद्यकशास्त्रात लिहिलेले नाही. पाच वर्षांवरील मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीन-चार वर्षांच्या मुलांनी तर दिवसभरात मिळून तीन तास हालचाल करावी, अशी तिची अपेक्षा आहे. सकाळी आंघोळीपूर्वी वीस मिनिटे लंगडी आणि फुगडी झाली, तर यातला बराच भाग घरातच उरकतो आणि मूल शाळेला जाताना कुरकुरतही नाही.

संध्याकाळी बैठे खेळ चांगले. अष्टा-चंगा खेळायला फरशीवर खडूने आखलेली पाच बाय पाच घरे आणि चार कवड्या पुरतात. कवड्या नसल्या तर चिंचोके मधोमध फोडून घ्यावेत. सहा वर्षांचे मूल दान मोजता मोजता बेरीज शिकते आणि सोंगटी मारली गेली की रडणे आवरायलाही शिकते. गावांच्या भेंड्या आहेत, राजा-राणी-चोर-शिपायाच्या चिठ्ठ्या आहेत.

खेळाइतकेच मुलांना घरातले काम आवडते, फक्त ते खोटे खोटे नसावे. हिवाळा या बाबतीत फार उदार आहे. वाटाणे सोलायचे असतात, तुरीच्या शेंगा असतात, हरभऱ्याचे घाटे असतात, संक्रांतीसाठी तीळ निवडायचे असतात. हलव्याला काटाही थंडीतच चांगला येतो. पाक आणि शेगडी मोठ्यांनी सांभाळावी, दागिने मात्र मुलांना ओवू द्यावेत. तासभर बोटे अशी बारीक कामात राहिली की अक्षरालाही वळण लागते, असा आमचा अनुभव आहे.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. चार-पाच वर्षांखालील मुलांच्या हाती शेंगदाणे, हरभरे, हलवा, चिंचोके, मणी यांपैकी काहीही लागू देऊ नये. दाणा चावण्याची त्यांची तयारी झालेली नसते आणि हसता-रडताना तो श्वासनलिकेत जातो. बोरन्हाणाच्या समारंभात बोरे, चुरमुरे आणि उसाचे करवे यांवर तुटून पडणाऱ्या बालगोपाळांकडे म्हणूनच एका मोठ्या माणसाने नुसते लक्ष ठेवून बसावे. खाताना अचानक ठसका लागला आणि नंतर थांबला, पण श्वास घरघरू लागला किंवा खोकला हटेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. घशात न दिसणारी वस्तू बोट घालून काढायला जाऊ नये. ती आणखी आत जाते. खेळण्यातला बटणासारखा चपटा सेल मुलाने गिळल्याचा नुसता संशय आला, तरी तडक मोठे रुग्णालय गाठावे. दोन तासांत अन्ननलिका भाजण्यास सुरुवात होऊ शकते.

आता मोबाईलकडे वळू. एक वर्षाखालील बाळाला पडदा अजिबात दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाभराहून जास्त नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. हे पालकांना ठाऊक नसते असे नाही. अडचण निराळीच आहे. संध्याकाळी आई पोळ्या लाटत असते, आजीचे गुडघे दुखत असतात आणि वडील स्वतःच मोबाईलमध्ये डोके घालून बसलेले असतात. अशा घरात केवळ मुलाच्या हातातला मोबाईल काढून घेणे हा त्याच्यावर अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वडिलांनी जेवणापूर्वीचा अर्धा तास पटावर बसावे. आजीला फुगडी घालता येत नसली तरी दान मोजता येते आणि लबाडी पकडता येते! बाकीच्या वेळी मूल "कंटाळा आला" म्हणाले तर लगेच धावून जाऊ नये. थोडा कंटाळा सोसला की मुले गोधडीचा तंबू करतात आणि खोक्याची आगगाडी चालवतात.

आणि दुपारी त्यांना खुशाल बाहेर काढा. २०१६-१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात आपल्या देशातील पाच ते नऊ वयोगटातील १८ टक्के मुलांत ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. सूर्याच्या देशात ही स्थिती आहे. हे जीवनसत्त्व कातडीत तयार होते ते साधारण अकरा ते तीनच्या उन्हात. बंद खिडकीच्या काचेतून येणारे ऊन ऊब देते, पण ड जीवनसत्त्व देत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. चष्म्याचेही तसेच. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा उघड्यावर नेण्यात आले. तीन वर्षांनी त्यांच्यात दूरचे न दिसण्याचा दोष नव्याने जडल्याचे प्रमाण ३०.४ टक्के होते, तर इतर मुलांत ते ३९.५ टक्के होते. हा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मूल बाहेर पळू लागले की एक स्वेटर उतरवावा, नाहीतर ते आतून घामाने भिजते आणि ऊन कलल्यावर तोच ओला सदरा त्याला हुडहुडी भरवतो. परत आल्यावर आतले कपडे बदलावेत, हातपाय साबणाने धुवावेत आणि कपभर कोमट दूध किंवा भाजीचे गरम कढण द्यावे. त्या दिवशी त्याला जेवायला दोनदा हाक मारावी लागणार नाही.