मुलाखतीतला दुसरा माणूस

मराठी विभागांत सिद्ध होणाऱ्या लोकसाहित्यविषयक आणि बोलीविषयक प्रबंधांना बहुधा एक परिशिष्ट जोडलेले असते. त्यात निवेदकांची यादी असते: नाव, वय, जात, शिक्षण, गाव. पुढे गीते, कथा, म्हणी आणि ‘प्रत्यक्ष मुलाखतींतून मिळालेली माहिती’ येते. या सगळ्यात नसतो तो प्रश्न. निवेदक जे बोलला ते कोणी विचारल्यावर बोलला, कोणत्या शब्दांत विचारल्यावर बोलला, तेव्हा घरात आणखी कोण बसले होते, पहिल्यांदा विचारल्यावर तो काय म्हणाला आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर काय, यांपैकी कशाचाही मागमूस परिशिष्टात उरत नाही. जणू उत्तरे झाडाला लगडलेली होती आणि संशोधकाने ती फक्त वेचून आणली. ज्या विभागांत कवितेतील एका विरामचिन्हावर तासभर चर्चा होते, कादंबरीतील निवेदकाचे स्थान हा प्रश्नपत्रिकेतील हमखास प्रश्न असतो, त्याच विभागांत मुलाखत नावाच्या संहितेचे इतके भाबडे वाचन व्हावे, हा केवळ पद्धतिशास्त्रातील हलगर्जीपणा नव्हे. वाङ्मयाची संहिता आणि माहितीचा साठा अशी एक उतरंड त्यामागे आहे, आणि लिहिता न येणाऱ्याचे बोलणे त्या उतरंडीत कायमचे खाली ठेवलेले आहे.

‘मुलाखत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला, तेव्हा त्याचा अर्थ भेट एवढाच होता. भेटीला दोन माणसे लागतात. आजच्या वापरात मात्र मुलाखत ‘घेतली’ जाते आणि ‘दिली’ जाते. क्रियापदांनीच देवघेवीची दिशा ठरवून टाकली आहे. हिंदीने याच व्यवहाराला ‘साक्षात्कार’ म्हटले. मराठी कानाला तो शब्द विनोदी वाटतो, कारण येथे साक्षात्कार संतांना होतो. पण काहीतरी समोरासमोर घडते ही जाणीव निदान त्यात शिल्लक आहे. मराठी प्रबंधातील मुलाखत अर्थाने यापेक्षा ‘जबानी’ला अधिक जवळची आहे. जबानीतही विचारणारा कागदावर दिसत नाही; सांगणाराच आपण होऊन सलग बोलत असल्याचा आभास निर्माण केला जातो.

अलीकडे या व्यवहाराला शिस्त लावण्याचा प्रयत्न होतो आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीपासून विद्यावाचस्पती पदवीसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला आणि संशोधनपद्धतीच्या तासिकांत ‘मुलाखतकौशल्ये’ हा घटक स्थिरावला. त्यात सांगितले जाते ते असे: प्रश्न खुले असावेत, सूचक नसावेत, आधी जवळीक साधावी, मान डोलवावी, निवेदकाचेच शब्द परत उच्चारून त्याला पुढे बोलते करावे, शांततेला घाबरू नये. यांतले काहीही चूक नाही. परंतु ही कौशल्ये आली कोठून, हे कोणी विचारत नाही. ती समुपदेशनातून आणि समाजकार्यातून आली. कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली समुपदेशनावरील आपल्या ग्रंथात दिशा न देणाऱ्या संभाषणाची जी पद्धत मांडली, तिच्यामागे एक निश्चित परिस्थिती गृहीत होती: समोरचा माणूस स्वतःची अडचण घेऊन स्वतःच्या पायांनी आलेला आहे. बोलणे त्याच्या उपयोगाचे आहे. ऐकणारा त्याचे देणे लागतो आणि ते देण्यासाठीच बसला आहे.

संशोधनाच्या मुलाखतीत हे नाते नेमके उलटे होते. येथे अडचण संशोधकाची आहे. प्रकरण पुरे करायचे आहे, मार्गदर्शकाला दाखवायचे आहे, पदवी मिळवायची आहे. निवेदकाने त्याला बोलावलेले नाही. असे असता समुपदेशकाची मान डोलावण्याची पद्धत तेवढी उचलायची, आणि त्या पद्धतीला नैतिक अर्थ देणारे देणे मात्र मागे ठेवायचे, म्हणजे भुकेल्याने वाढप्याचा आव आणण्यासारखे आहे. अशीलासाठी घडवलेले तंत्र ज्याच्याकडे आपण मागायला गेलो त्याच्यावर वापरले की ‘जवळीक’ हे गळाला लावलेले आमिष होते. ‘मावशी, तुमच्या वेळी लग्नं कशी व्हायची हो?’ यातली ‘मावशी’ ही हाक कौशल्याच्या टिपणातून आलेली असेल, तर ती ज्या बाईला मारली तिच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. नाते जोडणाऱ्या शब्दांच्या बाबतीत गावातली माणसे विद्यापीठापेक्षा पुष्कळच जाणकार असतात.

मनोरीचे उदाहरण घ्यावे. मुंबई उपनगर जिल्ह्यातले हे खाडीपलीकडचे गाव. मार्वेहून तरीने जावे, नाहीतर भाईंदर-उत्तनचा लांबचा वळसा घ्यावा. कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती यांची ही जुनी वस्ती. साष्टीचा हा सगळा पट्टा १७३९ पर्यंत पोर्तुगीज अंमलाखाली होता. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव या समाजाने १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, स्वतःसाठी स्वीकारले. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, येथलेच, हे सरकारदरबारी कळावे असा त्यामागचा हेतू होता. म्हणजे ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला काय उत्तर दिल्यास काय पदरी पडते, याचा हिशेब या किनाऱ्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच मांडलेला आहे. त्यानंतरही हातात वही घेतलेली माणसे येथे येतच राहिली. २००६-०७ च्या सुमारास गोराई-मनोरी-उत्तन या पट्ट्यात विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव आला, त्याला गावांनी विरोध केला. पुढे समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या महापालिकेच्या प्रकल्पासाठी मनोरीचेच नाव ठरले. अशा गावात ‘तुमचे कुटुंब येथे किती वर्षांपासून आहे?’ हा प्रश्न पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात प्रास्ताविक आणि निरुपद्रवी मानला जातो. मनोरीत तो जमिनीचा प्रश्न आहे.

आणि भाषेचे काय? प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला या किनाऱ्यावरील माणूस प्रमाण मराठीच्या दिशेने सरकत उत्तर देतो. घरात ‘पानी’ आणि ‘डोला’ म्हणणारी बाई ध्वनिमुद्रकासमोर ‘पाणी’ आणि ‘डोळा’ म्हणू लागते. संशोधक मग दोन निष्कर्षांपैकी एक काढतो. बोली लोप पावत आहे, असा एक. किंवा ती प्रमाण मराठीपासून फारशी वेगळी नाही, असा दुसरा. दोन्ही निष्कर्ष त्याने स्वतःच्या तोंडाने घडवलेले असतात. लग्नाआधीच्या ‘उंबराचं पाणी’ या विधीविषयी विचारले तर विधीची पायरीवार माहिती मिळते, कारण प्रश्न पायऱ्यांचा होता. गाणे मिळत नाही. गाणे एकटीने म्हणायचे नसते. दुसरी बाई हवी, तिने ओळ उचलायला हवी, तिसरीने चुकीबद्दल टोकायला हवे. ‘निवेदक क्रमांक ७’ अशी नोंद असलेल्या एकट्या बाईकडे संशोधक जे मागतो ते तिच्या एकटीच्या मालकीचेच नसते. आठवत नाही, असे ती सांगते. परिशिष्टात मग ‘परंपरा क्षीण झाल्याचे आढळते’ असे वाक्य येते.

या दुखण्याला इतिहास आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी प्रत्येक बोलीचे जे नमुने मागवले गेले त्यांत बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर होते, ठराविक शब्दांची आणि वाक्यांची यादी होती आणि एखादा स्थानिक गद्य वा पद्य उतारा होता. नमुने गोळा झाले ते मुख्यतः जिल्ह्याच्या प्रशासनामार्फत. त्यामुळे सर्वेक्षणाच्या खंडांत स्थानिक उतारा म्हणून अनेकदा चक्क आरोपीची जबानी भेटते. यात दुष्टावा नव्हता. कचेरीत लिहून घेतलेले बोलणे जे उपलब्ध होते ते पाठवले गेले. पण भारतीय बोलींच्या आधुनिक अभ्यासाच्या उंबरठ्यावरच बोलणारा आरोपी आणि ऐकणारा अंमलदार अशी मांडणी उभी आहे, हे विसरता येत नाही. अ. मा. घाटगे यांच्या साठ-सत्तरच्या दशकांतील मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेने ही मांडणी बदलली. कुडाळी, महाडची कुणबी, कासारगोडची मराठी यांची वर्णने प्रत्यक्ष बोलणाऱ्यांकडून मिळवलेल्या सामग्रीवर उभी राहिली, आणि त्यांची शिस्त आजही आदर्श वाटावी अशी आहे. ध्वनिव्यवस्थेच्या वर्णनाला ठराविक यादी लागते, तुलनेसाठी सर्वांना तेच विचारावे लागते, हे मान्यच करायला हवे. आक्षेप घाटगे यांच्यावर नाही. स्वनिम शोधण्यासाठी योग्य असलेली यादी माणसांच्या आठवणी, श्रद्धा आणि गाणी मिळवण्यासाठी जशीच्या तशी वापरणाऱ्यांवर आहे.

प्रश्न उत्तराला घडवतो याचा पुरावा विल्यम लबॉव यांनी १९६९ सालच्या ‘लॉजिक ऑफ नॉनस्टँडर्ड इंग्लिश’ या निबंधात दिला. न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय मुले भाषिकदृष्ट्या दरिद्री असतात, असे त्या काळचे शिक्षणशास्त्र सांगत होते आणि शाळेतील मुलाखती त्याची ग्वाही देत होत्या. लबॉव यांच्या गटातील मुलाखतकार स्वतः हार्लेममध्ये वाढलेला, तरीही लिऑन नावाचा आठ वर्षांचा मुलगा त्याच्यापुढे एकाक्षरी उत्तरांपलीकडे जाईना. पुढच्या खेपेला मुलाखतकार बटाट्याचे काप घेऊन आला, लिऑनच्या जिवलग मित्राला बरोबर आणले, खुर्ची सोडून जमिनीवर बसला आणि मोठ्यांसमोर न बोलायचे शब्द त्याने स्वतःच आधी उच्चारले. तोच मुलगा मग मित्राचे बोलणे तोडून तोडून बोलू लागला. या प्रसंगाचा आपल्याकडील वर्गांत ‘जमिनीवर बसावे, खाऊ न्यावा’ एवढाच बोध घेतला जातो. लबॉव यांचा मुद्दा याहून कडवा होता. पहिली मुलाखत खोटी नव्हती; ती मुलाच्या भाषेची नोंद नसून, वरचढ माणसासमोर मूल स्वतःचा बचाव कसे करते याची अचूक नोंद होती. तिचे वाचन चुकले होते. मनोरीतील ‘आठवत नाही’ हेही तसेच वाचावे लागेल.

चुकीच्या उत्तराचेही असेच आहे. इटलीतील तेर्नी या पोलादाच्या गावात लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ साली नाटो-विरोधी निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांना मुलाखतींत अनेकांनी तो मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात झाल्याचे सांगितले. पोर्तेल्ली यांनी ही चूक दुरुस्त करून बाजूला टाकली नाही. तिचा अर्थ लावला. आपला माणूस आपल्या सर्वांत मोठ्या लढ्यात मेला असावा, ही गावाची गरज त्या चुकीतून बोलत होती. हे वाचन इतिहासकाराने केले, पण त्याची हत्यारे साहित्यसमीक्षेची आहेत: कालविपर्यास, प्रतीक, कथनाची रचना. ज्यांच्या हाती ही हत्यारे जन्मजात असायला हवीत ते मराठीचे संशोधक मात्र निवेदकाने साल चुकवले की कंसात बरोबर साल लिहून मोकळे होतात.

मराठीत वेगळे काही घडलेच नाही, असे नव्हे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली आले. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या भेटी त्यांनी चळवळीतल्याच स्त्रिया म्हणून घेतल्या. कोणाला काय विचारायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे त्यांना कौशल्याच्या तासिकेत शिकावे लागले नाही. ते देणे त्या आधीपासूनच लागत होत्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा साठा एक लाखाहून मोठा आहे, आणि त्यात ओवीबरोबर गाणारणीचे नाव व गाव येते. ओवी ‘लोकां’ची म्हणून अनाम केली गेली नाही. लक्षणीय गोष्ट अशी की या दोन्ही कामांचा जन्म मराठी विभागांबाहेर झाला. विभागांनी नंतर त्यांचा संदर्भग्रंथ म्हणून उपयोग केला.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: प्रश्नकर्त्याला संहितेत आणायचे म्हणजे संशोधन आत्मकथन होईल. उत्तर-आधुनिक मानववंशशास्त्राच्या नावाने तसे झालेलेही आहे. निवेदकाच्या दोन वाक्यांमागे संशोधकाच्या अपराधभावाची दोन पाने, हा प्रकार इंग्रजीत पुष्कळ आणि मराठीत तुरळक दिसतो, आणि तो मूळ दुखण्याइतकाच वाईट आहे. त्यात बोलणाऱ्याची उरलीसुरली जागाही ऐकणारा व्यापतो. येथे मागणी त्याची नाही. मागणी प्रश्न छापण्याची आहे. प्रश्न, त्यानंतरचा थांबा, मध्येच सुनेने घातलेली भर, विषय बदलल्याची जागा, हे जसेच्या तसे ठेवावे. नाटकाच्या संहितेत दोन पात्रांची नावे छापली तर कोणी त्याला नाटककाराचे आत्मकथन म्हणत नाही.

लेखनाचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्यावर मतभेद राहणार. ‘पानी’ ऐकले तर ‘पानी’ लिहावे, हे सोपे झाले. पण या पट्ट्यातील ख्रिस्ती मराठीला रोमन लिपीची स्वतःची परंपरा आहे. फ्रान्सिस्को वाझ द गिमरायश यांचे ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील पुराण १६५९ साली लिस्बनला रोमन अक्षरांतच छापले गेले. आज इंग्रजी माध्यमातून शिकलेली पिढी आपल्या घरातली गाणी रोमन लिपीत उतरवते. बाईने गायलेले गाणे देवनागरीत बसवून तिच्या नातीला वाचायला दिले आणि ते नातीलाच वाचता आले नाही, तर ते लिप्यंतर कोणासाठी झाले? प्रबंध देवनागरीत हवा हे ठीक; परिशिष्टही देवनागरीतच हवे, हा आग्रह विभागाचा आहे, गावाचा नाही.

ध्वनिमुद्रणांचे तर नावच काढू नये अशी स्थिती आहे. प्रबंधाची प्रत ‘शोधगंगा’वर जाते, कोणालाही उतरवून घेता येते. ज्या बोलण्यावर तो उभा आहे ते संशोधकाच्या कपाटात, जुन्या भ्रमणध्वनीत किंवा बिघडलेल्या संगणकात राहते आणि पाचदहा वर्षांत संपते. परीक्षक परिशिष्टावर सही करतो. त्यामागचा आवाज त्याने ऐकलेला नसतो, कारण मागितलेलाच नसतो. मौखिक परीक्षेत उमेदवाराला एखादे ध्वनिमुद्रण सुरुवातीपासून लावायला सांगण्यास कोणताही नियम आड येत नाही. परीक्षकाने पहिली पाच मिनिटे ऐकावीत, त्यांतली किती मिनिटे उमेदवार स्वतः बोलतो ते मोजावे, आणि परिशिष्टातले तेच पान शेजारी उघडून ठेवावे.