रिकाम्या बाटलीचा हिशेब

मुंबईच्या गिरणगावात ज्यांचे बालपण गेले, त्यांना आरेच्या दुधाची बाटली आठवत असेल. गोरेगावनजीक १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली आणि पुढची काही दशके सरकारी योजनेचे दूध काचेच्या बाटलीतून केंद्रावर येत असे. पहाटे रांग लागे. हातात रिकामी, विसळलेली बाटली असेल तरच भरलेली मिळे. बाटली फुटली तर तिचे पैसे वेगळे मोजावे लागत, आणि ती कोणाच्या हातून फुटली याची चौकशी घरात दोन दिवस चाले. त्या बाटलीला पर्यावरणस्नेही म्हणावे असे तेव्हा कोणालाही सुचले नव्हते. ती परत जात असे, कारण ती परत घेणे, धुणे व पुन्हा भरणे हा दूध पुरवणाऱ्याच्या खर्चाचाच एक भाग होता.

पुढे प्लास्टिकची पिशवी आली. वाहतूक हलकी झाली, फुटतूट थांबली, बाटल्या धुण्याचे काम उरले नाही. पुरवठादाराच्या वहीत ही निखळ बचत होती. समाजाच्या दृष्टीने मात्र तो खर्च नाहीसा झाला नाही; त्याने फक्त वही बदलली. महापालिकेच्या कचरागाडीवर, तुंबलेल्या नाल्यावर, उकिरडा चाळणाऱ्या बाईच्या पाठीवर तो जाऊन बसला. विल्यम काप या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खासगी उद्योगाच्या सामाजिक परिव्ययावर ग्रंथ लिहिला, त्याचा गाभा हाच होता. उद्योगाचा नफा पुष्कळदा खर्च कमी केल्याने वाढत नाही, तो इतरांच्या अंगावर ढकलल्याने वाढतो.

एकदा वापरून फेकावयाच्या वस्तूंऐवजी टिकाऊ वस्तू वापरा, हा उपदेश सध्या सर्वत्र ऐकू येतो. कापडी पिशवी, पोलादी बाटली, बांबूचा दातघासणा, धुऊन वापरण्याचे नॅपकिन! उपदेश खोटा नाही. पण तो चुकीच्या दारावर थाप मारतो. कचरा गृहिणीच्या निष्काळजीपणातून जन्मतो असे एकदा मानले, की तिला शहाणपण शिकवणे एवढेच काम उरते. तिच्या घरात ती वस्तू ज्याने पाठवली त्याला कोणी काही विचारत नाही.

हा दृष्टिकोन आपोआप रूढ झालेला नाही. अमेरिकेत १९५३ साली व्हरमाँट राज्याने परत न घेण्याच्या बाटल्यांतून बियर विकण्यास बंदी घालणारा कायदा केला. शेतकऱ्यांची तक्रार अशी होती की रस्त्यावरून भिरकावलेल्या बाटल्यांच्या काचा गवतातून गुरांच्या पोटात जातात. त्याच वर्षी डबे व बाटल्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था स्थापन झाली, आणि कचरा करणारा नागरिक हाच काय तो गुन्हेगार, हा प्रचार देशभर सुरू झाला. १९५७ साली व्हरमाँटचा कायदा संपुष्टात आला. बॅरी कॉमनर यांनी १९७१ च्या ‘द क्लोझिंग सर्कल’मध्ये युद्धोत्तर काळात कोणत्या वस्तूंचे उत्पादन किती वाढले याचा तक्ता दिला आहे. त्यात पहिल्या क्रमांकावर परत न घेण्याची सोड्याची बाटली आहे. वाढ सुमारे ५३,००० टक्के. अमेरिकन माणसाची तहान काही एवढी वाढली नव्हती.

महाराष्ट्राची कथा निराळी नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. मिठी नदीचे आक्रसलेले पात्र आणि त्यावरची बांधकामे यांच्या बरोबरीने प्लास्टिकची पिशवी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. पात्र आक्रसवणाऱ्यांपेक्षा पिशवीवर खटला चालवणे सोपे होते. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिक व थर्मोकोलच्या वस्तूंवर व्यापक बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास दंड ५,००० रुपये. हातगाडीवर भाजी विकणाऱ्याचे दिवसाचे भांडवलही अनेकदा एवढे नसते. उलट कारखान्यातच वेष्टनासाठी वापरलेल्या प्लास्टिकला त्याच अधिसूचनेत वाट ठेवलेली होती, आणि जूनमध्ये अंमलबजावणी सुरू झाल्यावर आठवडाभरात किराणा दुकानदारांच्या वेष्टनालाही सवलत मिळाली. १ जुलै २०२२ पासून केंद्राने बंदी घातलेल्या वस्तूंच्या यादीत स्ट्रॉ आहे, चमचा आहे, फुग्याची काडी आहे; शांपूची पुडी नाही. कोपऱ्यावरच्या विक्रेत्याची पिशवी गुन्हा ठरली आणि कंपनीची पुडी प्रतिष्ठित राहिली.

पुडीबद्दलही घाईने बोलू नये. रोजची मजुरी हातात येणारे कुटुंब रोजच्यापुरते विकत घेते; त्याला मोठी बाटली घेण्याचा सल्ला देणे म्हणजे महिन्याचा पगार आधीच हातात आहे असे गृहीत धरणे होय. पूर्वी हेच कुटुंब वाण्याकडे आपली बाटली नेऊन पावशेर गोडे तेल आणीत असे. मात्र त्या सुट्या तेलात भेसळही होत असे. दिल्लीत १९९८ साली पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने माणसे दगावली, आणि पुढे सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर निर्बंध आले. तेव्हा जुने दिवस परत आणा, एवढे म्हणून भागत नाही. घरची बाटली पुन्हा दुकानात न्यावयाची असेल, तर दुकानातल्या पिंपावर सार्वजनिक तपासणीची नजर हवी.

आता वस्तूंच्या गुणांविषयी. ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जागतिक तापमानवाढीच्या निकषावर सुती पिशवी पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी साधते ती किमान १३१ वेळा वापरल्यावर. म्हणजे टिकाऊपणा पिशवीच्या कापडात नसून तिच्या वापरात असतो. जुन्या कार्यकर्त्याच्या खांद्यावरची शबनम ही कसोटी सहा महिन्यांत पार करी आणि पुढे दहा वर्षे चाले. परंतु प्रत्येक अधिवेशनात, प्रत्येक शिबिरात ठिकाण व तारीख छापलेली नवी कापडी पिशवी वाटणे हा फेकण्याचाच एक प्रकार आहे, हे आयोजकांनी ध्यानात घ्यावे. उलट पळसाच्या पानांची पत्रावळ एकदाच वापरली जाते, तरी तिच्यावर कोणी दोषारोप करू नये. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. टँकरवर जगणाऱ्या गावात पंगतीची ताटे घासणे हीच उधळपट्टी ठरते.

पाण्याचा प्रश्न आला की श्रमाचा येतो, आणि प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. फेकावयाच्या वस्तूने जे वाचवले, ते कोणाचे तरी धुण्याचे काम होते. चहाच्या टपरीवर काचेचे पेले एकाच बादलीत दिवसभर बुचकळणारा पोऱ्या ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कागदी पेल्याची सोय का पटली हे समजते. कागदी पेल्यालाही आतून प्लास्टिकचा थर असतो, ही गोष्ट वेगळी. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, रद्दीवाला, भंगारवाला, फाटक्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या आजीबाई, ही सगळी पुनर्वापराचीच व्यवस्था होती आणि ती अत्यंत स्वस्त श्रमावर उभी होती. तिचे गुणगान करताना हा स्वस्तपणा विसरला जातो.

सॅनिटरी नॅपकिनच्या बाबतीत हा पेच सर्वांत तीव्र होतो. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत संघटित झाली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. वर्तमानपत्रात न गुंडाळलेले, रक्ताने माखलेले नॅपकिन या बाया हातांनी वेगळे करीत आल्या आहेत. २०१३ साली त्यांनी असे वापरलेले नॅपकिन पोत्यांत भरून उत्पादक कंपन्यांकडे रवाना केले. माल ज्यांचा, त्यांना परत! २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी नॅपकिनसोबत गुंडाळण्याचे वेष्टन द्यावे असे कलम आले. वेष्टनाने हात वाचतात; ढीग तेवढाच राहतो.

मग कापडी नॅपकिन वापरा, असे सांगणे ओघानेच येते. ज्या घरात न्हाणीघर आहे, नळाला पाणी आहे, उन्हात वाळवण्यास आडोसा आहे, तेथे ते उत्तम. खर्चही वाचतो आणि कचराही. परंतु ऊसतोडीच्या फडाशेजारी पालात राहणाऱ्या बाईने, किंवा दहा बिऱ्हाडांत एक मोरी असलेल्या चाळीतल्या मुलीने ते धुवावे कोठे आणि वाळवावे कोठे? अंधारात दमट राहिलेल्या कापडाने होणारा जंतुसंसर्ग तिच्याच शरीराला भोगावा लागतो. अशा ठिकाणी पर्यावरणाचा आग्रह धरणाऱ्याने आधी नळ आणि न्हाणीघर मागितले पाहिजे. ते मागण्याआधी कापडाची शिकवण देणे निव्वळ उद्धटपणा होईल.

शिबिरात प्रत्येकाने आपले ताट आपण घासावे हा जुना दंडक आहे, आणि कार्यकर्ते तो अभिमानाने पाळतात. घरी परतल्यावर तो कितीजण पाळतात याची नोंद कोणी ठेवलेली नाही. फेकाऊ वस्तू घराबाहेर काढण्याचा कार्यक्रम घेताना वाढलेले धुणे-घासणे कोणाच्या वाट्याला जाणार हे बैठकीत आधी ठरले नाही, तर ते कोणाच्या वाट्याला जाईल हे सर्वांस ठाऊक आहे.

म्हणून मागण्यांचा क्रम बदलला पाहिजे. पहिली मागणी उत्पादकाकडे, अनामतीची. राज्याच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुधाची पिशवी किमान ५० पैशांना परत घेण्याची तरतूद होती. राज्यात दररोज सुमारे १ कोटी पिशव्या फेकल्या जातात, असे जून २०१९ मध्ये विधानसभेत सांगण्यात आले. पण परतीची योजना घरोघर पोचली नाही. तामिळनाडूत दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळाकडे आहे. जंगलात फेकलेल्या बाटल्यांच्या काचा हत्तींच्या पायांत जातात म्हणून मद्रास उच्च न्यायालयाने लक्ष घातले, आणि मे २०२२ पासून निलगिरी जिल्ह्यात बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन रिकामी बाटली आणल्यावर ते परत देणे सुरू झाले. बहुसंख्य बाटल्या परत आल्या. पन्नास पैशांत आणि दहा रुपयांत जो फरक आहे, तो धोरणाचा फरक आहे. पुढे ही योजना अन्यत्र नेताना दुकानांतील कर्मचाऱ्यांनी वाढत्या कामाबद्दल आवाज उठवला, तोही रास्तच होता. बाटल्या मोजणाऱ्या माणसाचा पगार अनामतीच्या योजनेतच धरावा लागतो.

दुसरी गोष्ट सामाईक बाटलीची. जर्मनीत १९६९ पासून खनिज पाण्याचे अनेक उत्पादक एकाच आकाराची बाटली वापरतात, त्यामुळे कोणाचीही रिकामी बाटली कोणालाही भरता येते. सहकारी दूधसंघांचे जाळे असलेल्या महाराष्ट्राला हे अवघड असण्याचे कारण नाही. संघांच्या सभांमधून हा ठराव यावयास हवा.

तिसरी गोष्ट गावातल्या किंवा वॉर्डातल्या कार्यकर्त्याला उद्याच करता येईल अशी. पूर्वी अनेक गावांत लग्नकार्यासाठी देवळाची किंवा तालमीची सामाईक भांडी असत; पराती, पातेली, दोनशे ताटे, नाममात्र भाड्याने. केरळने २०१५ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत फेकाऊ ताटे-पेले टाळण्याचा शिष्टाचार पाळून दाखवला, आणि नंतर तो लग्नसमारंभांतही नेला. येथे वॉर्डाच्या सभागृहात दोनशे पोलादी ताटे, पाण्याची स्वतंत्र जोडणी आणि ती घासण्यास महिला बचतगट, एवढी व्यवस्था नगरसेवकाच्या निधीतून सहज होऊ शकते. मात्र भाड्याच्या पावतीवर दोन रकमा वेगळ्या लिहिलेल्या असाव्यात. एक भांड्यांच्या झिजेची. दुसरी घासणाऱ्या बायांच्या मजुरीची. ती किमान वेतनापेक्षा कमी नसावी, आणि लग्नघराने ती जेवणावळी उठण्यापूर्वीच चुकती करावी.