आधी चारा मोजा, मग शेळ्या



"१०० शेळ्या, ५ बोकड." हा आकडा सध्या आमच्या भागात इतका चाललाय की पोरं सोयरीक जमवतानाबी सांगायला लागलीत, प्रोजेक्ट टाकलाय म्हणून. आज त्या आकड्यावरच बोलायचंय. कुणाला राग आला तर येऊ द्या.

माझं म्हणणं सरळ आहे. कळप किती ठेवायचा हे शेडच्या मापानं ठरत नाही आणि अनुदानाच्या कागदानंही ठरत नाही. मे महिन्यात तुमच्या गंजीत किती चारा शिल्लक राहतो, त्यावर ते ठरतं. बाकी सगळं त्याच्या नंतर.

हा १०० अधिक ५ आला कुठनं? राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळी-मेंढीचे गट पाडलेत. १०० अधिक ५, २०० अधिक १०, असं चढत ५०० अधिक २५ पर्यंत. भांडवली खर्चाला ५० टक्के अनुदान, १०० च्या गटाला जास्तीत जास्त १० लाख. योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याच्याकडं बारमाही पाणी आणि दहा-बारा एकर चाऱ्याला मोकळं रान आहे त्यानं खुशाल घ्यावी. पण हा गट फायलीच्या सोयीचा आहे. तुमच्या विहिरीला मार्चनंतर किती पाणी राहतं हे फायलीला माहीत नसतं. मी जेवढे प्रकल्प अहवाल बघितले त्यात शेडचा नकाशा चार पानं आणि चारा एक ओळ: "२ एकर नेपियर". झालं. त्या एका ओळीवर शंभर जनावरं जगणार.

आता हिशेब मांडतो. पेन घ्या.

उस्मानाबादी शेळी साधारण ३२ किलोची धरा. तिला रोज वजनाच्या साडेतीन टक्के सुकं खाणं लागतं. सुकं म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा करून उरलेला माल, साहेब लोक त्याला शुष्क पदार्थ म्हणतात. ते झालं रोजचं १ किलो १०० ग्रॅम, वर्षाचं ४ क्विंटल. तिची करडं विकेपर्यंत खातात ते वर्षाला २ क्विंटल. वाया जाणारं धरा १ क्विंटल, कारण शेळी नुसता पाला वेचून खाते आणि जाड बुडखा गव्हाणीतच ठेवते. बेरीज ७ क्विंटल. एक शेळी म्हणजे वर्षाला ७ क्विंटल सुका माल, हे दारावर लिहून ठेवा. शंभर शेळ्या म्हणजे ७० टन.

हिरव्या चाऱ्यात पाचातले चार भाग पाणीच असतं. म्हणजे ५ क्विंटल हिरवा तोलला तर १ क्विंटल सुका. दोन एकर नेपियरला वर्षभर पाणी दिलं, खत दिलं, तर एकरी ५० टनांनी १०० टन हिरवा निघेल. सुका किती झाला? २० टन. लागणार ७०. उरलेले ५० टन कुठून येणार ते अहवाल लिहिणाऱ्यानं सांगावं. आणि हे पाणी बारमाही धरून. आमच्याकडं फेब्रुवारीत मोटर अर्धा तास चालते आणि हवा मारते.

म्हणून मी वर्षाचा हिशेब नंतर करतो, आधी उन्हाळ्याचा करतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत १५० दिवस. या दिवसांत बांधावर काही नसतं, उसाचं वाडं कारखाने बंद झाले की संपतं, आणि पहिला पाऊस पडला तरी कोंब वर यायला महिना लागतो. या १५० दिवसांना शेळीमागं ३ क्विंटल सुका माल लागतो.

माझ्याकडं यंदा उन्हाळ्याला काय राहिलं ते सांगतो. ज्वारीचा कडबा २० क्विंटल. तूर, हरभरा आणि सोयाबीनचं भुसकट मिळून २२ क्विंटल. मक्याचा मुरघास ४५ क्विंटल, त्यात दोन भाग पाणी असतं म्हणून धरायचा १५. ठिबकवरची शेवरी आणि दशरथ घास उन्हाळाभर ५० क्विंटल पाला देतो, तो धरायचा १०. एकूण ६७. भागिले ३, उत्तर २२. माझ्याकडं २२ शेळ्या आहेत. खुराक मी या ६७ मध्ये धरलाच नाही, तो वरचा आधार. पाऊस पंधरा दिवस लांबला तर त्यावर निभतं.

शेड माझं ४० शेळ्यांचं आहे. लोक म्हणतात, निम्मं शेड रिकामं ठेवून काय मिळवता? रिकामं शेड काही खात नाही, बाबांनो. भरलेलं खातं.

आता पैशाचं. हे माझ्या रानातले भाव आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. घरचा चारा कापणी, वाहतूक, कुट्टी धरून सुक्याच्या हिशेबानं किलोला ७ रुपये पडतो. तोच मे महिन्यात विकत आणला तर १२ च्या खाली येत नाही. मका भरडा, पेंड, तुरीची चुनी, गव्हाचा भुसा आणि खनिज मिश्रण घालून घरी केलेला खुराक किलोला ३० रुपये. शेळी आणि तिच्या करडांचा वर्षाचा खुराक ११० किलो, म्हणजे ३,३०० रुपये. उरलेलं ५९० किलो चाऱ्यातून. घरचा असेल तर सगळं मिळून साडेसात हजार, विकतचा असेल तर साडेदहा हजार.

शेळी चांगली असेल तर वर्षाला दोन करडं विकायला मिळतात. २०-२१ किलोची, जिवंत वजनाला ३५० चा भाव, म्हणजे साडेचौदा हजार. घरच्या चाऱ्यावर शेळीमागं ७ हजार उरले, विकतच्या चाऱ्यावर ४ हजार.

शंभरवाल्याचं बघू. शंभर गुणिले ४ हजार, ४ लाख. ऐकायला झकास. दोन गडी महिना १२ हजारांनी ठेवले, वर्षाचे २ लाख ८८ हजार गेले. १० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी, पहिल्या वर्षाचं व्याज १ लाख १० हजार. हातात राहिले २ हजार रुपये. अजून डॉक्टर, औषध, विमा, लाईट बिल बाकी आहे आणि मुद्दलाचा एक रुपया फिटलेला नाही. माझं बघा. २२ गुणिले ७ हजार, १ लाख ५४ हजार. गडी नाही, कर्ज नाही. सकाळ-संध्याकाळ घरची दोन माणसं दोन-दोन तास. आता सांगा, मोठा कोण?

यावर तीन उत्तरं मला नेहमी ऐकायला मिळतात.

पहिलं, "संख्या वाढली की खर्च कमी होतो." शेडचा होतो, गड्याचा थोडा होतो. चाऱ्याचा होत नाही. शंभरावी शेळीबी पहिलीएवढंच खाते. उलट घरचा चारा पहिल्या पंचविसांत संपतो आणि पुढची प्रत्येक शेळी विकतच्या भावानं खाते. शेळीपालनात निम्म्याहून जास्त खर्च खाण्याचाच. तोच कमी होत नसेल तर संख्येचा उपयोग काय?

दुसरं, "कमी पडला तर विकत घेऊ." ज्या साली तुम्हाला कमी पडतो त्याच साली शेजाऱ्यालाबी कमी पडतो. २०१३ आणि २०१९ ला आपल्या भागात छावण्या लागल्या त्या आठवा. कडब्याची पेंडी बघायला मिळत नव्हती. दुष्काळात चारा महाग होतो आणि जनावर स्वस्त होतं, दोन्ही एकाच आठवड्यात. आमच्या पंचक्रोशीतल्या एकानं मे महिन्यात ६० शेळ्या उक्त्या दिल्या. हाडं वर आलेली, वजन उतरलेलं, व्यापारी सांगेल तो भाव. शेड उभं आहे, हप्ता चालू आहे, आत मोटारसायकल लावतात. त्याला प्रशिक्षण देणाऱ्यांनी तीन दिवसांची फी घेतली होती. त्या तीन दिवसांत चाऱ्याला किती वेळ दिला? पाऊण तास.

तिसरं, "धनगर दोन-दोनशे जित्राब सांभाळतो, त्याला कुठं रान आहे?" अहो, त्याचा वाडा हलतो. चारा संपला की तो चाऱ्याकडं जातो, कोसच्या कोस चालतो. तुम्ही शेळी बंदिस्त केली म्हणजे तिचे पाय बांधले. आता चालायचं काम तुमचं. धनगराला चारा मोजावा लागत नाही असं समजू नका, तो डोळ्यानं मोजतो आणि वेळेत निघतो. आपण मोजतही नाही आणि निघतही नाही.

कळप चाऱ्याएवढा ठेवायचा तर छाटणी करावी लागते, आणि इथंच आपला हात अडतो. शेळी विकली की घर खाली झाल्यासारखं वाटतं. गावात विचारतात "किती शेळ्या?", कुणी विचारत नाही "किती किलो विकले?". पण भाकड शेळीचा हिशेब करा. ती ४ क्विंटल खाते, त्यातला खुराक वजा करून चारा आणि खुराक मिळून वर्षाला ४,३०० रुपये. म्हणजे रोजचे १२ रुपये. कळपात अशा दहा असतील तर वर्षाला ४३ हजार रुपये तुम्ही गव्हाणीत टाकताय आणि बदल्यात लेंडीखत घेताय.

माझी छाटणी जानेवारीत होते, संक्रांतीनंतर. तेव्हा जनावर अंगानं भरलेलं असतं आणि बाजारात गर्दी नसते. कोण जातं ते ठरलेलं आहे. दोन माज बोकड दाखवूनही गाभ न राहिलेली. दगडी होऊन सड गेलेली. दात झिजलेली. दोन वेतांत करडं न जगवलेली. आणि वजनाला आलेले बोकड. ईदला जादा भाव मिळेल म्हणून सगळे बोकड थांबवू नका. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते, चारा सरकत नाही. थांबवायचेच तर देखणे चार-दोन थांबवा, बाकीचे वजनावर काढा.

बोकड जास्त ठेवू नका. २५-३० शेळ्यांना एक पुरतो. आणि तो कळपात बारमाही मोकळा सोडू नका. शेळी ५ महिने गाभण असते. सप्टेंबर-ऑक्टोबरला भरली तर फेब्रुवारी-मार्चला विते, म्हणजे ऐन टंचाईत तिला दूध द्यायचंय आणि मागं दोन तोंडं वाढलीत. जूनच्या आसपास भरली तर नोव्हेंबरात विते. तेव्हा बांधाला हिरवं असतं, तूर उभी असते, करडं उन्हाळ्याच्या आत अंग धरतात. बोकड वेगळा बांधायला खर्च येत नाही, फक्त दावं लागतं.

हे पेज कृषी आणि पशुसंवर्धनातले काही साहेब वाचतात, त्यांना हात जोडून सांगणं आहे. तुम्ही फळबागेला अनुदान देताना पाण्याचा दाखला बघता. मग शेळीच्या प्रस्तावाला उन्हाळी चाऱ्याचा हिशेब का मागत नाही? नुसतं "२ एकर नेपियर" नको. १५० दिवसांचा साठा किती, कशाचा, कुठं ठेवणार, हे एक पान जोडल्याशिवाय फाईल पुढं सरकू देऊ नका. अर्ज कमी येतील, तुमचं उद्दिष्ट अपुरं राहील, मान्य. पण तीन वर्षांनी रिकामी शेडं मोजायला लागणार नाहीत.

आणि ज्या पोरांनी अजून शेड बांधलं नाही त्यांना सांगतो. शेडच्या आधी चारा लावा. बांधाला शेवरी, हादगा, सुभाबळ लावा (सुभाबळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर नको). मुरघासाचा खड्डा किंवा बॅगा करा, सोयाबीन-हरभऱ्याचं भुसकट पेटवू नका. एक उन्हाळा नुसता चारा साठवून बघा. जुलैत जे उरेल आणि जे संपलं असतं, त्याला ३ नं भागा. उत्तर ८ आलं तर ८ शेळ्या घ्या, लाज वाटू देऊ नका. आठ शेळ्या पोटभर खाऊन सोळा करडं देतील. ऐंशी शेळ्या अर्धपोटी राहून तुमची झोप खातील.

आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, हे आपल्या म्हाताऱ्यांना कळत होतं. माझं गणित कुणाला चुकीचं वाटत असेल तर आपल्या रानाचे आकडे घालून खोडून दाखवा. नुसतं "आमच्याकडं होतं" असं लिहू नका. किती क्विंटल, किती दिवस, किती शेळ्या, तेवढं लिहा.