नकाशा पाहावा, पण खड्डाही खणावा

उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांवरून सिद्ध केलेले जमिनीचे नकाशे पाहून पीक अथवा बाग ठरविण्याची पद्धत अलीकडे आपल्या शेतकरीबंधूंत रूढ होऊ लागली आहे. जमिनीचा उतार, ओढ्यानाल्यांची वळणे, पाणलोटाची सीमा ही घरबसल्या दिसावीत, ही सोय आपल्या वडिलांस नव्हती. तिचा लाभ अवश्य घ्यावा. तथापि केवळ नकाशातील रंगावर विसंबून बागेचा खर्च करणे धोक्याचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जमिनीची प्रतवारी आपणांस नवी नव्हे. गोल्डस्मिड व विंगेट यांनी इ. स. १८३५ पासून इंदापूर तालुक्यात आरंभिलेली व १८४७ साली निश्चित झालेली पद्धत सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती मानीत असे. मातीचा पोत, रंग व खोली पाहून प्रत ठरे. चुनखडी, वाळू, उतार असा दोष आढळल्यास ती उतरे. परंतु ही प्रत साऱ्यासाठी होती, आणि सोळा आण्यांस पावणेदोन हात खोली पुरे होई. फळझाडाची मुळे त्याखालीही जातात. शिवाय योग्यता पिकागणिक बदलते. निचऱ्याच्या हलक्या मुरमाड जमिनीत डाळिंब उत्तम येते. उलट सोळा आणे काळीत पाणी तुंबल्यास संत्र्याची मुळे कुजतात.

आता नव्या नकाशांचे पाहू. १:२,५०,००० या प्रमाणाच्या मृदा-नकाशात एका चौरस सेंटिमीटरात ६२५ हेक्टर जमीन मावते. त्यावर दोन एकरांचे शेत म्हणजे सुईचे टोक! दप्तरात आयुष्य घालविताना आम्ही पाहिले आहे की, एकाच सर्व्हे नंबराच्या दोन पोटहिश्श्यांचा आकारही पुष्कळदा सारखा नसतो. उपग्रहाच्या चित्रात जमिनीचा पृष्ठभाग दिसतो. खालचा थर दिसत नाही. आमच्या शिवारातील एका गृहस्थांनी नकाशातील गडद रंगावर भरवसा ठेवून संत्रा लावला. दोन हातांखाली चिकण थर होता. चौथ्या पावसाळ्यात अर्धी बाग वाळली. कर्ज मात्र हिरवेच राहिले.

म्हणून आमची सूचना अशी की, कोठे खणावे हे नकाशास विचारावे, आणि काय लावावे हे खड्ड्यास विचारावे. शेताच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागात अडीच-अडीच हात खोल खड्डे घ्यावेत. थर पाहावेत, पाणी भरून ते किती वेळात जिरते हे पाहावे, माती तपासून घ्यावी. एका बागेच्या खर्चापुढे या खड्ड्यांची मजुरी ती किती?

आपल्या मंडळीने अशा खड्ड्यांची सर्व्हे नंबरवार नोंदवही ठेवल्यास गावाचा खरा नकाशा आपल्याच हातून तयार होईल. सभासदांनी येत्या उन्हाळ्यात, शेते मोकळी असताना, या कामास आरंभ करावा, अशी विनंती आहे.