साडेचारशे ग्रॅमचा ताळेबंद

गेल्या अंकातील वारसनोंदीच्या लेखावर आलेल्या पत्रांना उत्तरे देऊन झाली. या वेळी ठेवी, व्याज आणि करकपात यांना विश्रांती देऊन सुट्टीचा विषय घेतो. परीक्षा आटोपल्या की घरोघरी आजी-आजोबांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. कर्ती माणसे दुकानात, मुले घरात आणि मुलांच्या हाती मोबाइल. हौसेने आणलेले महागडे खेळणे आठ दिवसांत माळ्यावर जाते. त्याऐवजी मुलांच्या शेजारी बसून घरीच करता येईल अशी एक वस्तू सुचवावीशी वाटते, ती म्हणजे फोमबोर्डचे, रेडिओ-नियंत्रणावर उडणारे छोटे विमान. गेल्या वर्षी माझी बारा वर्षांची नात आणि मी असे एक विमान तयार केले. त्याच अनुभवाच्या आधारे हे लिहीत आहे.

व्यापारी घरातील वाचकांना या विषयाचा इतिहासही आवडेल. १८७८ साली मिल्टन राइट नावाच्या एका अमेरिकन पाद्र्याने आपल्या दोन मुलांना एक उडते खेळणे आणून दिले. बूच, बांबू, कागद आणि रबर यांपासून केलेले ते खेळणे फ्रेंच संशोधक अल्फाँस पेनो याच्या रचनेवर आधारलेले होते. ते लवकरच मोडले. तेव्हा मुलांनी त्याच्या प्रतिकृती स्वतःच्या हातांनी करण्यास आरंभ केला. हेच ते विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. पुढे या बंधूंनी डेटन गावी सायकलींचे दुकान चालवले आणि त्या दुकानाच्या मिळकतीतून, सुमारे १००० डॉलरच्या आत, १७ डिसेंबर १९०३ रोजी माणसाला घेऊन स्वशक्तीने उडणारे विमान सिद्ध केले. त्यांचे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. त्याच सुमारास सॅम्युअल लँग्ली या विद्वान गृहस्थांना सरकारकडून ५०,००० डॉलर मिळाले होते. त्यांचे यान मात्र राइट बंधूंच्या यशापूर्वी अवघे नऊ दिवस पोटोमॅक नदीत कोसळले. भांडवल मोठे असले म्हणजे यश मिळतेच असे नाही, हे आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. नवशिक्याने पंख वरच्या बाजूस असलेले, सावकाश उडणारे, तीन नियंत्रणांचे विमान निवडावे. मोटरचा वेग, आडव्या शेपटीची हलती पट्टी म्हणजे एलिव्हेटर आणि उभ्या शेपटीचे सुकाणू ही ती तीन नियंत्रणे. पंखांचा पसारा टोकापासून टोकापर्यंत १ मीटर आणि रुंदी १८ सें.मी. धरावी. अमेरिकेतील ओहायो राज्यातील फ्लाइट टेस्ट या मंडळींनी फोमबोर्डच्या अशा अनेक विमानांचे नकाशे विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. नकाशा खऱ्या मापात छापून घ्यावा, पाने जोडून तक्त्यावर ठेवावी आणि कोपऱ्यांवर टाचणीने खुणा करून घ्याव्यात.

खरेदीच्या वेळी एक दक्षता आवश्यक आहे. स्टेशनरीच्या दुकानात फोमबोर्ड मागितला असता पुष्कळदा सनबोर्ड, म्हणजे पीव्हीसीचा टणक तक्ता हाती दिला जातो. फलकांसाठी तो उत्तम. विमानासाठी निरुपयोगी, कारण तो कित्येक पटींनी जड असतो. आपल्याला हवा तो दोन्ही बाजूंना कागद आणि मध्ये हलका फोम असलेला ५ मि.मी. जाडीचा तक्ता. ५० बाय ७५ सें.मी. मापाचा तक्ता १२० ग्रॅमच्या आत भरला तर तो निःशंकपणे घ्यावा. असे दोन तक्ते पुरतात. याखेरीज धारदार कटर, पोलादी पट्टी, ग्लू गन, बांबूच्या बारीक काड्या, रबर बँड आणि १ मि.मी. जाडीची ताठ तार एवढे साहित्य लागते. कटर मोठ्यांच्या हाती असावा आणि त्याचे पाते वरचेवर बदलावे. बोथट पाते फोम कापत नाही, फाडते.

या कामातील मुख्य कौशल्य घडीचे आहे. जेथे घडी घालावयाची तेथे वरचा कागद आणि फोम कापावा, खालचा कागद मात्र शाबूत ठेवावा. तो कागदच बिजागरीचे काम करतो. विमानाचे अंग अशा घड्यांतून पेटीसारखे उभे राहते. पंख करताना तक्ता पुढच्या कडेवर दुमडावा आणि आत फोमच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवून कणा घालावा. मग वरचा पृष्ठभाग आपोआप फुगीर आणि खालचा सपाट राहतो. शेपटीच्या हलत्या पट्ट्यांची कड ४५ अंशांत तासावी, म्हणजे त्या दोन्ही दिशांना मोकळ्या वळतात.

पंखाचे दोन अर्धे जोडताना एक अर्धा टेबलावर सपाट ठेवून दुसऱ्याचे टोक ८ ते ९ सें.मी. वर उचलावे आणि त्याच स्थितीत गोंद थंड होऊ द्यावा. या उचललेपणातच नवशिक्याची सुरक्षितता आहे. विमान एका अंगाला कलले की ते त्या बाजूला घसरू लागते. घसरताना खालच्या पंखाला हवेचा आधार अधिक मिळतो आणि विमान स्वतःच सरळ होऊ पाहते. पंख अंगाला गोंदाने कधीही चिकटवू नये. अंगातून आरपार गेलेल्या बांबूच्या काड्यांना रबर बँड अडकवून तो बसवावा. आपटले की रबर सुटते, पंख बाजूला होतो आणि मोडतोड टळते.

आता वजनाचा हिशेब पाहू. आमच्या विमानाची नोंद अशी: फोम १८० ग्रॅम, मोटर आणि प्रोपेलर ६५, वेगनियंत्रक (दुकानदार त्याला ईएससी म्हणतात) २५, दोन सर्व्हो १८, बॅटरी ११०, रिसीव्हर १२ आणि गोंद, तार, काड्या इत्यादी किरकोळ ४०. बेरीज ४५० ग्रॅम. पंखाचे क्षेत्रफळ १८ चौरस डेसिमीटर, म्हणजे दर चौरस डेसिमीटरवर २५ ग्रॅम भार. हा आकडा ३०च्या खाली असला म्हणजे विमान संथ उडते आणि शिकणाऱ्याला विचार करण्यास अवधी मिळतो. गोंद सढळ हाताने ओतणाऱ्या मुलांना ही बेरीज स्वतः मांडू द्यावी. मग हात आपोआप आखडतो.

बेरीज जुळली तरी ताळेबंद जुळला असे होत नाही. वजन किती, याइतकेच ते कोठे, हेही महत्त्वाचे. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर, म्हणजे आपल्या पंखात साडेचार ते साडेपाच सें.मी. अंतरावर, दोन्ही बाजूंना बोटे लावून विमान उचलावे. ते आडवे तरंगले किंवा नाक किंचित खाली झुकले तर ठीक. शेपूट खाली गेले तर उडवू नये. नाक जड असलेले विमान आळशी उडते, पण ताब्यात राहते. शेपूट जड असलेले विमान ताब्यातच येत नाही.

हा तोल साधताना नातीने विचारले, "आजोबा, शेपटीला एवढीशी चिकटपट्टी जास्त लावली, तर एवढे काय बिघडते?" आम्ही कागदावर हिशेब मांडला. शेपूट तोलबिंदूपासून ५० सें.मी. मागे, बॅटरी २० सें.मी. पुढे. शेपटीला २० ग्रॅम वाढले तर २० गुणिले ५० म्हणजे १०००. तेवढेच नाकाकडे उभे करण्यास १००० भागिले २०, म्हणजे ५० ग्रॅम हवेत. २० ग्रॅमची उधळपट्टी अशा रीतीने ७० ग्रॅमला पडते. तिने दुसरे काही न बोलता शेपटीवरची रंगीत पट्टी सोलून काढली. व्याजाचे कोष्टक मी तिला पूर्वी दोनदा समजावले होते. दूरच्या लहान रकमेचे मोठे ओझे कसे होते, ते तिला त्या दिवशी उमगले असे वाटते.

बॅटरीविषयी मात्र थट्टा नको. तीन घटांची लिथियम-पॉलिमर बॅटरी ११.१ व्होल्टची म्हणून ओळखली जाते आणि पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते. ती तिच्यासाठीच्या बॅलन्स चार्जरवरच, फरशीवर, कपडे व कागदांपासून दूर आणि माणूस समोर असतानाच चार्ज करावी. १३०० एमएएच क्षमतेच्या बॅटरीला १.३ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह देऊ नये. फुगलेली बॅटरी वापरू नये. उडवताना २० टक्के शिल्लक राखूनच उतरावे. पूर्ण उपसलेली बॅटरी कायमची बिघडते. या हिशेबाने एका खेपेस ६ ते ८ मिनिटे मिळतात. काही दिवस वापरायची नसेल तर प्रत्येक घट ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा.

प्रोपेलर सर्वांत शेवटी बसवावा आणि बॅटरी जोडल्यानंतर त्याच्या समोर कोणीही उभे राहू नये. आधी हातातला ट्रान्समीटर सुरू करावा, वेगाची दांडी शून्यावर आहे हे पाहावे, मगच विमानातील बॅटरी जोडावी. थांबवताना हाच क्रम उलटा. सुकाणू उजव्या दांडीवर घ्यावे. पुढे मोठ्या विमानाकडे वळताना हाताची सवय बदलावी लागत नाही.

उडवण्यासाठी ज्वारी काढलेले मोकळे रान आणि सकाळी आठच्या आतली वारा नसलेली वेळ उत्तम. वस्ती, रस्ता, विजेच्या तारा आणि पक्ष्यांचा वावर असलेली झाडे यांपासून दूर राहावे. घारी घिरट्या घालत असतील तर विमान खाली घ्यावे. आपल्याकडे ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. आपले विमान २५० ग्रॅमपेक्षा जड असल्याने ते सर्वांत लहान वर्गात बसत नाही. म्हणून नोंदणीच्या चालू तरतुदी वाचाव्यात आणि डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील नकाशावर आपली जागा लाल, पिवळ्या की हिरव्या क्षेत्रात येते ते पाहावे. हिरव्या क्षेत्रातही ४०० फुटांची मर्यादा आहे. नवशिक्याला शंभर फूट पुष्कळ झाले. विमान सदैव नजरेच्या टप्प्यात असावे.

प्रथम मोटर बंद ठेवून उंच गवतावर समपातळीत फेकून पाहावे. नाक वर करून मग आपटले तर बॅटरी पुढे सरकवावी. सरळ खाली गेले तर थोडी मागे घ्यावी. नंतरच मोटर. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटे भासते आणि नवशिक्या तेथेच गोंधळतो. त्यावर सोपा उपाय असा की, जो पंख खाली झुकलेला दिसेल त्याच बाजूला दांडी ढकलावी. पंख वर येतो.

तरीही विमान पडणारच. नातीचे दुसऱ्याच फेरीत नाकावर पडले. रबर बँड सुटले, पंख वेगळा झाला, नाकाची पेटी चेपली. तिने प्रथम विमानाकडे पाहिले नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. मी एवढेच म्हणालो, "आण इकडे, कुठे मोडले ते पाहू." ग्लू गनने वीस मिनिटांत नाक पुन्हा उभे राहिले. वाचकहो, त्या एका क्षणासाठी मी हा लेख लिहिला आहे. आपल्या घरांत मुलांच्या कानांवर नफा-तोट्याची भाषा लहानपणापासून पडते. ते चांगलेच आहे. पण तोटा म्हणजे बोलणी खाण्याची वेळ, एवढेच त्यांनी शिकावे हे चांगले नाही. माझ्या परिचयाच्या एका घरी असेच सुबक विमान दिवाणखान्यातील कपाटावर दोन वर्षे विराजमान आहे. मोडेल म्हणून ते उडवले जात नाही आणि ज्याने ते बनवले तो मुलगा आता त्याकडे पाहतही नाही. गोदामात पडून राहिलेल्या मालाचे काय होते, हे त्या घरातील वडीलधाऱ्यांना उत्तम ठाऊक आहे.

खर्चाची मांडणीही याच दृष्टीने करावी. ट्रान्समीटर, चार्जर, मोटर आणि सर्व्हो हा भांडवली खर्च. ती सामग्री एका विमानातून काढून दुसऱ्यात बसवता येते. फोमबोर्ड आणि गोंद हा चालू खर्च, आणि एकूण खर्चात त्याचा वाटा सर्वांत लहान. मोडते ते बहुधा हेच. त्यामुळे पडझडीचा तोटा ऐकायला वाटतो तेवढा कधीच नसतो.

शेवटी एक सूचना. विमानासाठी एक किर्द घालावी. तारीख, वारा, बॅटरी कोठे बसवली होती, किती मिनिटे उडाले, काय मोडले आणि कसे सांधले, एवढे रकाने पुरेत. लिहिण्याचे काम मुलांकडे द्यावे. आमच्या किर्दीत आतापर्यंत एकेचाळीस उड्डाणे आणि नऊ दुरुस्त्या आहेत. पंख दुसरा आहे, नाक तिसरे आहे, मोटर पहिलीच आहे. गेल्या रविवारच्या नोंदीत 'काय मोडले' या रकान्यात नातीने एक आडवी रेघ ओढली आहे आणि 'किती मिनिटे' या रकान्यात सात लिहिले आहे.