माल आमचा, कागद कोणाचा?



निफाडचा बागाईतदार कडाक्याच्या थंडीत बागेत शेकोट्या पेटवून द्राक्षांचे घड वाचवितो. कोल्हापूरचा कारागीर चामडे कमावून चप्पल शिवतो. हा माल न्हावाशेवा बंदरातून परदेशी जातो. पण तो एकदा जहाजावर चढला की पुढे त्याचे काय होते, हे विचारण्याचा अधिकारच आम्हांस नाही, असे धरून सारा व्यवहार चालतो. माल नासला, पैसे बुडाले, म्हणजे "तो समुद्राचा कायदा, तुम्हांस काय कळणार?" असे सांगून आमची बोळवण होते. आमचा सवाल इतकाच की, तो आम्हांस का कळू नये?

हा कायदा आकाशातून पडलेला नाही. एकोणिसाव्या शतकात जहाजकंपन्या मालाच्या पावतीवर, म्हणजे बिल ऑफ लेडिंगवर, बारीक अक्षरांत लिहून ठेवीत की माल भिजो, चोरीस जावो, खलाशी हलगर्जीपणा करोत, आमची जबाबदारी नाही. भाडे पुरे, जोखीम शून्य! याविरुद्ध मालधन्यांनी ओरड केली. अमेरिकेने १८९३ साली कायदा करून कंपन्यांना चाप लाविला. १९२४ साली ब्रुसेल्स येथे अनेक राष्ट्रांनी मिळून नियम ठरविले आणि पुढच्याच वर्षी इंग्रज सरकारने ते येथे लागू केले. तो १९२५ चा कायदा शंभर वर्षे चालला. २०२५ साली संसदेने त्याच्या जागी नवा केला, व १८५६ चा बिल ऑफ लेडिंगचा कायदाही त्याच साली बदलला. नियमांचा गाभा बहुतांशी जुनाच आहे. मात्र नव्या कायद्याने नियमांची अनुसूची अधिसूचना काढून बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारास दिला आहे. उद्या असा बदल झाला, तर तो वाचून समजावून सांगणारा आमच्या गावात कोण आहे?

आता त्यातले मर्म ऐका. सफर सुरू होण्यापूर्वी जहाज समुद्रास लायक आहे, मालाची कोठारे व थंड खोल्या ठीक आहेत, याची योग्य ती काळजी कंपनीने घेतलीच पाहिजे. माल चढविताना, रचताना, उतरविताना तो सांभाळला पाहिजे. हे झाले आमच्या बाजूचे. दुसऱ्या बाजूस सुटकेच्या वाटांची लांबलचक यादी आहे. कप्तान वा खलाशी जहाज हाकताना चुकले तर कंपनी मोकळी! चूक त्यांच्या नोकराची आणि नुकसान आमचे, हा कोठला न्याय? १९७८ साली हॅम्बुर्ग येथे ठरलेल्या नियमांत ही सबब काढून टाकली आहे. पण भारत त्यांत सामील नाही.

मुदतीचेही पाहा. साध्या उधारीच्या दाव्यास तीन वर्षे मिळतात, येथे एकच वर्ष. न्यायालयाने मुभा दिली तर फार तर तीन महिने अधिक. बाहेरून न दिसणारे नुकसान तीन दिवसांत लेखी कळवावे लागते. ते न कळविल्यास माल धड पोचला असेच आधी धरले जाते. ज्याला हे ठाऊक नाही तो दलालाच्या ओटीवर "उद्या या" ऐकत बसतो, आणि वर्ष निघून जाते.

नुकसानीलाही मर्यादा आहे. ती दर नगामागे नाणेनिधीच्या हिशेबी चलनाचे ६६६.६७ एकक, किंवा दर किलोमागे २ एकक, यांपैकी जे अधिक ते. दोन एकक म्हणजे सुमारे अडीचशे रुपये. आता कागदावर "एक कंटेनर चपला" एवढेच लिहिले, तर तो अख्खा कंटेनर एक नग ठरतो आणि भरपाई किलोच्या भावाने मिळते. तेच "चारशे खोकी" असे लिहिले, तर चारशे नग! एका ओळीचा फरक, पण त्यात कारागिराचे वर्ष बुडते किंवा तरते.

सर्वांत मोठी गोष्ट नावाची. जहाजकंपनीवर हक्क सांगावयाचा तो कागदावर ज्याचे नाव असेल, किंवा ज्याच्या नावे तो कागद रीतसर फिरला असेल, त्याने. पिकविणाऱ्याचे नाव तेथे नसते, निर्यातदाराचे असते. घामाला कागदावर जागा नाही!

कोणी म्हणेल, एवढ्या बलाढ्य कंपन्यांपुढे शिकून तरी काय होणार? त्यांनी कोलंबियाच्या कॉफीचा खटला पाहावा. २०१२ साली तेथून जर्मनीस गेलेल्या पोत्यांच्या वीस कंटेनरांपैकी अठरांतील माल घामेजून ओला झाला. चिलीची जहाजकंपनी म्हणाली, कॉफीचा स्वभावच तसा, आमचा दोष नाही. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले की काळजी घेतली हे कंपनीने सिद्ध करावे, मालधन्याने नव्हे. हा निवाडा आपल्या न्यायालयांस बांधून ठेवीत नाही, परंतु दोन्ही कायद्यांचे मूळ एकच आहे. ही लढाई कायदा वाचलेल्यांनी जिंकली.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कायद्याच्या महाविद्यालयांत हा विषय बहुधा इंग्रजीतून, थोड्यांसाठी, ऐच्छिक म्हणून शिकविला जातो. तो मराठीतून शिकवा, कृषी विद्यापीठांतही शिकवा. शेतकरी कंपन्यांनी व कारागिरांच्या सहकारी संस्थांनी दरसाल आपल्यातील एक मुलगा व एक मुलगी यासाठी निवडून त्यांचा खर्च उचलावा. माल पाठविताना पाठविणारा म्हणून आपल्या संस्थेचे नाव आणि खोक्यांची संख्या कागदावर लिहून घ्यावी.

बंधूंनो, नांगर धरणाऱ्या हाताने कायद्याचे पुस्तक धरल्यास ते विटाळत नाही. ज्याने माल पिकविला त्याने कागदही वाचावा. नाही वाचला, तर माल समुद्रात बुडण्याची गरज नाही, तो कागदावरच बुडेल.